अँजिओग्राफीत नळ्या मोकळ्या, तरी आईंची छाती का दाटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आई 61 वर्षांच्या आहेत. घरची कोरडवाहू शेती आहे. दिवाळीनंतर वेचलेल्या कापसाचे गाठोडे डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने येताना त्यांच्या छातीत दाटून येते आणि थांबून बसले की पाच-दहा मिनिटांत उतरते. थंडीत दोनदा पहाटे अंथरुणातही तसेच झाले. नागपूरला नेऊन अँजिओग्राफी केली, तिथे 'नळ्या मोकळ्या आहेत' असे सांगितले गेले, मात्र सुटीच्या कागदावर 'एंडोथेलियल डिसफंक्शनची शक्यता' असे लिहून दिले. गावी परतल्यावर एका डॉक्टरांनी पित्त म्हटले, नातेवाइकांनी मनाचे म्हटले. तुमचा प्रश्न असा की हे एंडोथेलियम काय आहे, ते वयामुळे बिघडते का, आणि वयामुळेच बिघडत असेल तर औषधांवर पैसा कशाला घालायचा.

यामागचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. नळी मोकळी असूनही तिच्यातून पुरेसे रक्त जात नाही, असे होऊ शकते का? याचे उत्तर 'होय' आहे. ते पटले की पित्ताचा आणि मनाचा वाद बराचसा आपोआप मिटतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 25 वर्षांहून अधिक काळ फिजिशियन म्हणून काम करतो. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सगळे लिखाण त्यांच्या बाबतीत जसेच्या तसे लागू होईलच असे नाही. बऱ्याच गोष्टी काही माहितीवर अवलंबून आहेत: त्यांना साखर किंवा रक्तदाब आहे का, हिमोग्लोबिन किती आहे, थायरॉइडची तपासणी झाली आहे का, तोंडात तंबाखूचा कोणता प्रकार आहे का. हिमोग्लोबिन मी मुद्दाम लिहिले आहे. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन आठावर असणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि रक्तच पातळ असेल तर उत्तम धमन्या असलेल्या हृदयालाही प्राणवायू कमी पडतो. ही साधी तपासणी राहून गेली असेल तर आधी ती करून घ्या.

आता अँजिओग्राफीकडे वळू. या तपासणीत हृदयाच्या धमन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांखाली त्यांच्या पोकळीची सावली पाहतात. ती सावली फक्त मोठ्या, हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या धमन्यांची असते. त्यांच्यापासून फुटून स्नायूंत शिरणाऱ्या, केसासारख्या बारीक धमनिका तिच्यात वेगळ्या दिसत नाहीत, आणि हृदयाला किती रक्त मिळणार हे ठरवणारा बहुतेक अडथळा निरोगी माणसात नेमका या बारीक धमनिकांमध्येच असतो. दुसरी गोष्ट, तपासणीच्या वेळी पुष्कळदा धमनीत नायट्रोग्लिसरीन सोडले जाते, म्हणजे आपण धमनीला जास्तीत जास्त फुलवून मग तिचे चित्र काढतो. पहाटे चार वाजता, गारठ्यात, तीच धमनी कशी वागते हे त्या चित्रात कुठून दिसणार? 'नळ्या मोकळ्या' हा अहवाल खोटा नाही. मोठ्या धमन्यांत चरबीचा मोठा अडसर नाही एवढेच तो सांगतो, आणि ती चांगलीच बातमी आहे. धमनी वागते कशी, हा त्याचा विषयच नव्हे.

धमनीला 'नळी' म्हणण्याची सवय आम्ही डॉक्टरांनीच लोकांना लावली, आणि तिथेच घोटाळा झाला. पीव्हीसीचा पाइप स्वतःहून रुंद-अरुंद होत नाही. धमनीच्या भिंतीत मात्र गोलाकार स्नायू असतात आणि ते सतत थोडे आवळलेले असतात. या कायमच्या आवळलेपणाला वैद्यकात टोन म्हणतात. तो अगदी नाहीसा होणेही बरे नाही, कारण मग गरज पडल्यावर आणखी रुंद व्हायला जागाच उरत नाही. तो गरजेनुसार कमीजास्त होत राहावा लागतो.

हृदयाच्या बाबतीत हे फार काटेकोर असावे लागते, आणि त्याला कारण आहे. शरीराचे इतर बरेच अवयव विश्रांतीच्या वेळी आलेल्या रक्तातला साधारण चौथा हिस्सा प्राणवायू काढून घेतात. काम वाढले की त्याच रक्तातून ते जास्त काढू शकतात. हृदय मात्र स्वस्थ बसलेले असतानाही आलेल्या रक्तातला सुमारे 70 ते 75 टक्के प्राणवायू वापरते. म्हणजे त्याच्याकडे शिल्लक फारशी नसते, आणि काम वाढले तर जास्त रक्त मागवणे हाच त्याच्यापुढचा मार्ग असतो. विश्रांतीत हृदयाच्या स्नायूंना मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर रक्त मिळते आणि जोराच्या श्रमात ते निरोगी माणसात चार-पाच पट होऊ शकते. ही वाढ धमन्यांचा टोन उतरल्याशिवाय होत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूंत रक्त मुख्यतः तो सैलावलेला असताना शिरते. ठोके वाढले की ही सैलावण्याची वेळ सर्वांत जास्त घटते. म्हणून हाताच्या स्नायूंना जास्तीचे रक्त मिळायला वेळ लागला तर चालते, हृदयाच्या धमन्यांना मात्र उशीर परवडत नाही.

थोडा आवळलेपणा किती फरक करतो हे सांगायला एक हिशेब पुरे. बारीक नळीतून वाहणारा द्रव तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार कमीजास्त होतो. त्रिज्या केवळ 20 टक्क्यांनी कमी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह मूळच्या सुमारे 41 टक्क्यांवर येतो. धमनिकांमध्ये इतका फरक निव्वळ स्नायूंच्या आवळण्याने पडू शकतो. त्यासाठी चरबीचा कणही साचावा लागत नाही.

हा टोन ठरवण्यात मोठा वाटा धमनीच्या सगळ्यात आतल्या अस्तराचा असतो. एंडोथेलियम ते हेच. एकमेकींना चिकटून बसलेल्या चपट्या पेशींचा हा एकपदरी थर रक्ताला सतत लागून असतो. फार काळ लोक याला गुळगुळीत लेप एवढीच किंमत देत होते, आणि तो काम करतो हे कळले ते एका चुकीतून. अमेरिकेत ब्रुकलिनला रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या प्रयोगाला वापरत असत. ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन टाकले की त्या पट्ट्या त्यांच्याकडे आवळत, तर जिवंत शरीरात त्याच रसायनाने रक्तवाहिन्या सैलावतात असे सगळ्यांना ठाऊक होते. 1978 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाकडून ठरलेला क्रम चुकला, आणि त्यातून या वर्गातल्या रसायनाने धमनी चक्क सैल होते असे दिसून आले. शोध घेता घेता ध्यानात आले की पट्टी तयार करताना तिची आतली बाजू कशावर तरी घासली जात होती आणि अस्तर खरवडून निघत होते. अस्तर शाबूत असले तर धमनी सैल होते आणि अस्तर गेले तर तीच आवळते. 1980 मध्ये त्यांनी जॉन झवाड्स्की यांच्यासह हे प्रसिद्ध केले. अस्तरातून निघून स्नायूला सैल करणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे, हे 1986-87 च्या सुमारास स्पष्ट झाले. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चे नोबेल मिळाले ते याच विषयासाठी. मी हे सविस्तर सांगितले, कारण आईंच्या कागदावरचे ते दोन शब्द समजायला याच्याइतका सोपा दाखला नाही. निरोप तोच, स्नायूही तोच, पण मधला सांगणारा गेला की अर्थ उलटा होतो.

निरोगी धमनीत हे असे चालते. आई गाठोडे उचलतात, हृदयाचे काम वाढते, कामाला लागलेल्या स्नायूंतून ॲडिनोसिनसारखे पदार्थ बाहेर पडतात आणि जवळच्या अगदी बारीक धमनिका उघडतात. खालचे तोंड उघडले की वरून येणारा प्रवाह वेगाने वाहू लागतो. ज्यांनी विहिरीवरचे ओलित केले आहे त्यांना हे सांगायला नको: खालच्या वाफ्याचे बारे फोडले की दांडातल्या पाण्याची ओढ लगेच वाढते. आपल्या दांडाला ती ओढ कळत नाही, पावडे घेऊन आपल्यालाच धावावे लागते. धमनीच्या अस्तराला मात्र ती कळते. रक्त अंगावरून घासत जाण्याचा जोर वाढला की अस्तराच्या पेशी एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, तो लगतच्या स्नायूत झिरपतो, तिथले कॅल्शियम उतरवतो आणि स्नायू सैलावतो. या वायूचे आयुष्य काही सेकंदांचे असते, म्हणून तो साठवता येत नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथे, ताजाच बनवावा लागतो. अशा रीतीने मागणी खालून सुरू होते आणि रुंदावणे खालून वर, मोठ्या धमनीपर्यंत जाते.

अस्तराकडे हे एकच साधन नाही. प्रोस्टासायक्लिन हा पदार्थही तेच सैलावण्याचे काम करतो. फार बारीक धमनिकांमध्ये नायट्रिक ऑक्साइडपेक्षा विद्युतभार बदलून स्नायू सैलावणाऱ्या दुसऱ्या संकेतांचा वाटा मोठा असतो. उलट बाजूला हेच अस्तर एंडोथेलिन नावाचा पदार्थही बनवते. 1988 मध्ये सापडलेला हा पदार्थ धमन्या आवळण्यात फार प्रभावी आहे. एकाच अस्तराच्या हातात सैल सोडणे आणि आवळणे दोन्ही असल्यामुळे त्याचा बिघाड म्हणजे फक्त एक उपयोगी पदार्थ कमी पडणे नव्हे, सगळा तोलच आवळण्याच्या बाजूला झुकणे होय. गाठोडे उचलताना, रागाच्या भरात किंवा थंडीत शरीरात ॲड्रेनॅलिनच्या जातीचे संकेत वाढतात आणि तेही धमन्यांना आवळू पाहतात. धडधाकट अस्तर त्यांना पुरून उरते. दुबळ्या अस्तरापुढे ते वरचढ होतात. तुमच्या आईंना वजन घेऊन चालताना आणि थंड पहाटे, अशा दोन्ही वेळी त्रास झाला, यात मला म्हणूनच विसंगती वाटत नाही.

हे माणसांत खरोखर घडते याचा सरळ पुरावा 1986 मध्ये मिळाला. हृदयाच्या धमनीत थेट ॲसिटिलकोलीन सोडून पाहिले तेव्हा निरोगी धमन्या रुंदावल्या, पण चरबीचा रोग लागलेल्या धमन्या आवळल्या. त्याच रोगट धमन्यांना नायट्रोग्लिसरीन दिल्यावर त्या रुंदावल्या. म्हणजे स्नायू सैल व्हायला तयार होता, त्याला सांगणारे अस्तर मुके झाले होते. नायट्रोग्लिसरीन किंवा जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी अस्तराला वगळून स्नायूपर्यंत नायट्रिक ऑक्साइड पोहोचवते, म्हणून ती काम करते.

आता वयाचा मुद्दा. अस्तराचे काम वयाबरोबर मंदावते हे खरे आहे, अगदी निरोगी आणि कसलेही व्यसन नसलेल्या माणसांतही. 1994 मध्ये 238 निरोगी व्यक्तींच्या दंडाच्या धमनीवर केलेल्या अभ्यासात पुरुषांमध्ये ही घसरण चाळिशीनंतर सुरू झालेली दिसली. स्त्रियांमध्ये ती पन्नाशी लागेपर्यंत जवळपास नव्हती, आणि नंतर मात्र पुरुषांच्या दुपटीहून अधिक वेगाने झाली. पाळी जाण्याच्या वयाशी हे जुळते, कारण इस्ट्रोजेन अस्तराच्या नायट्रिक ऑक्साइड बनवण्याला पाठबळ देते. चाळिशीत ज्यांना कसला त्रास नव्हता त्या बायका साठीच्या आसपास 'छातीवर धोंडा ठेवल्यावानी वाटते' म्हणत माझ्यासमोर बसतात, त्यामागे हाही एक धागा आहे.

आत काय बिघडते, तेही सांगतो. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) काम करायला एक सहायक रेणू लागतो. वय वाढते तसे पेशींत प्राणवायूचे दाहक, अस्थिर रेणू वाढतात आणि ते या सहायकाला निकामी करतात. मग तोच विकर नायट्रिक ऑक्साइड सोडून स्वतःच तसले दाहक रेणू बनवू लागतो. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार आहे. जो थोडाफार नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, त्यालाही हे रेणू वाटेतच गाठून निरुपयोगी करतात. शिवाय एंडोथेलिनचा जोर वाढतो, मोठ्या धमन्या ताठर होतात आणि अस्तरावर प्रत्येक ठोक्याचा दणका अधिक बसतो. जाता जाता एक सांगतो: आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे, आणि त्या रोगात फुटलेल्या तांबड्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तुमच्या डॉक्टरांना तेही सांगा.

पण 'वयामुळे झाले' हे वाक्य मी दवाखान्यात जपून वापरतो, कारण ते ऐकले की माणूस हात टेकतो. साखर, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा विकार, तंबाखू, चुलीचा धूर हे सगळे अस्तराला याच वाटेने इजा करतात. साठीच्या माणसात वयाचा हिस्सा किती आणि यांचा किती, हे वेगळे मोजून दाखवता येत नाही. मी तरी वयाला शेवटी धरतो, कारण बाकीच्यांचे काही करता येते.

इथे माझीच एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत 54 वर्षांच्या एक बाई माझ्याकडे यायच्या. पाण्याची गुंडी घेऊन चढ चढल्या की छातीत आवळायचे, थांबल्या की जायचे. नागपूरच्या अँजिओग्राफीत काही निघाले नव्हते. त्या कागदावर विसंबून मी त्यांना आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. एकदा त्या म्हणाल्या, 'डाक्टर, जेवून झोपली तं काही होत नाही, उपाशी चालली तरी होते, मंग हे पित्त कसं?' एवढे स्पष्ट मला पुस्तकानेही सांगितले नव्हते. ट्रेडमिलवर चालवल्यावर त्यांच्या ईसीजीत बदल दिसले. औषध बदलले आणि दोन-तीन महिन्यांत त्या पुन्हा पाणी भरू लागल्या. त्यानंतर मी जेवणाशी आणि श्रमाशी दुखण्याचा संबंध विचारल्याशिवाय 'पित्त' हा शब्द लिहीत नाही.

निदान पक्के करायचे तर धमनीत ॲसिटिलकोलीन सोडून पाहण्याची तपासणी आहे, पण ती मोजक्या मोठ्या केंद्रांत होते आणि प्रत्येकाला ती लागतेच असे नाही. दंडाला पाच मिनिटे पट्टा आवळून सोडल्यावर धमनी किती रुंदावते हे सोनोग्राफीने मोजण्याचीही पद्धत आहे. वर सांगितलेला 1994 चा अभ्यास त्याच पद्धतीचा होता. ती संशोधनाला उत्तम आहे, पण एका रुग्णाचे औषध ठरवण्यासाठी मी तिच्यावर पैसे खर्च करायला सांगत नाही. लक्षणे, ट्रेडमिल, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि औषधाने पडणारा फरक यांवरून तालुक्याच्या ठिकाणीही बरेच पुढे जाता येते.

औषध मात्र बिघाड कुठे आहे यावर ठरते, आणि म्हणूनच शेजाऱ्याची चिठ्ठी उपयोगाची नाही. मोठी धमनी अचानक आवळत असेल, म्हणजे त्रास बहुधा पहाटे आणि बसल्याजागी होत असेल, तर डिल्टियाझेम किंवा अम्लोडिपिनसारखी कॅल्शियम रोखणारी औषधे मुख्य असतात. काही बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे, अशा वेळी त्रास वाढवू शकतात. बारीक धमनिका श्रमात फुलत नसतील तर तेच बीटा-ब्लॉकर चांगले काम करू शकतात. तुमच्या आईंच्या वर्णनात दोन्ही छटा आहेत, त्यामुळे कोणते औषध आधी द्यायचे हे त्यांना तपासणाऱ्यानेच ठरवावे. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या, आणि रक्तदाबाची काही औषधे अस्तराचे काम सुधारतात, म्हणून 'कोलेस्टेरॉल तर एवढे नाही, मग ही गोळी कशाला' म्हणून ती परस्पर बंद करू नका. आणखी एक, बारीक धमनिकांच्या त्रासात सॉर्बिट्रेटने कधी कधी पुरेसा आराम पडत नाही. गोळीने उतरले नाही म्हणजे दुखणे हृदयाचे नव्हे, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

आता तुम्ही विचारलेला पैशाचा मुद्दा. अस्तर सुधारण्याचा सगळ्यात भरवशाचा उपाय चालणे हाच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेटक्या अभ्यासात हृदयरोगाच्या रुग्णांना चार आठवडे नियमित व्यायाम दिल्यावर ॲसिटिलकोलीनने होणारे धमन्यांचे आवळणे जवळपास निम्म्याने कमी झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात बैठ्या जीवनाच्या वयस्क पुरुषांना तीन महिने चालवल्यावर त्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्या तरुणांसारख्या सैलावू लागल्या. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा फायदा इतका एकसारखा दिसलेला नाही, हेही सांगायला हवे. तरीही मी त्यांनाही चालायलाच सांगतो, कारण साखर, रक्तदाब आणि वजन यांवर होणारा फायदा तर कुठेच जात नाही.

यावर मला नेहमी ऐकायला मिळणारा सवाल असा, 'दिवसभर वावरातच तर असते, आता आणखी फिरायला कुठे पाठवता?' सवाल रास्त आहे. वावरातले काम म्हणजे काहीच नव्हे असे मी म्हणणार नाही. पण कापूस वेचणे किंवा निंदण हे वाकून, थांबत थांबत होणारे काम आहे, आणि डोक्यावर ओझे घेतले की रक्तदाब एकदम चढतो. अस्तराला हवी असते ती प्रवाहाची सलग, एकसारखी, ठेक्यातली वाढ, आणि ती रिकाम्या हाताने 30 मिनिटे चालल्यावर मिळते. दुखणे सुरू होण्याच्या थोडे आधीच्या वेगाने चालावे, छाती दाटली तर थांबावे. थंडीत ऊन वर आल्यावर आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या आत चालावे. त्रास आटोक्यात येईपर्यंत गाठोडे दुसऱ्याने आणावे, एवढे तुम्ही घरात ठरवून टाका.

तंबाखूबद्दल मी लांबण लावत नाही. खर्रा न खाणाऱ्या बाया गुडाखू घासतात आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणे म्हणतात. चघळण्याच्या किंवा घासण्याच्या तंबाखूत धूर नसतो, पण निकोटीन रक्तात जातेच आणि धमन्यांचे सैलावणे त्याने कमी होते. 'तंबाखू खाता का' असे विचारले तर आई नाही म्हणतील. 'दाताला काय लावता' असे विचारून पाहा.

खाण्यात पालक, मुळा, चवळाई, बीट यांसारख्या भाज्यांतील नायट्रेटपासून जिभेवरचे जंतू नायट्राइट बनवतात आणि त्यातून शरीराला अस्तराशिवायही थोडा नायट्रिक ऑक्साइड मिळतो. थंडीत या भाज्या आपल्याकडे स्वस्त असतात, त्या रोजच्या ताटात असू द्या. जंतुनाशक माउथवॉशने रोज गुळण्या केल्या तर हे उपयोगी जंतू मरतात. त्याची खेड्यात फारशी अडचण नाही.

पण ज्यातून नायट्रिक ऑक्साइड बनते ते एल-आर्जिनिनच पावडर करून द्यावे, हा विचार कितीही सरळ वाटला तरी पैसे त्यात घालू नका. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर ते तपासून पाहिले गेले आणि 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. धमन्यांत सुधारणा दिसली नाही, उलट आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले आणि तुलनेसाठी औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत एकही नाही, म्हणून तो प्रयोग थांबवावा लागला. कच्चा माल कमी नव्हताच, यंत्र बिघडले होते. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि पाळी गेल्यानंतर द्यायची संप्रेरके यांचीही कहाणी तशीच आहे. कागदावर दोन्ही अस्तराच्या फायद्याची होती, मोठ्या चाचण्यांत हृदयाचे संरक्षण झाले नाही.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. मोकळ्या अँजिओग्राफीने झटक्यापासून अभय मिळत नाही. दाटणे 15-20 मिनिटांत उतरले नाही, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, चक्कर आली, तर 'आपली तर अँजिओग्राफी झाली आहे' म्हणत घरी थांबू नका. 108 ला फोन करा आणि ईसीजी होईल अशा जवळच्या रुग्णालयात न्या.

पुढच्या भेटीला जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. दाटले ती वेळ, तेव्हा काय चालले होते, डोक्यावर वजन होते का, जेवण होऊन किती वेळ झाला होता, किती मिनिटांत उतरले, सॉर्बिट्रेट ठेवल्यावर किती मिनिटांनी फरक पडला, एवढे रकाने पुरेत. पहाटेचे दुखणे वेगळ्या पानावर लिहा, कारण औषधाची निवड बहुधा त्याच पानावरून होईल. आईंना लिहिता येत नसेल तर संध्याकाळी तुम्ही विचारून लिहा. ती वही, हिमोग्लोबिनचा ताजा अहवाल आणि अँजिओग्राफीची सीडी, निव्वळ कागद नव्हे, सोबत घेऊन जा.